कुस्करा कुणाच्या ताटात?

दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, जुन्या लुगड्यांची गोधडी, त्यांच्याच काठांचे दाराला तोरण. माझ्या आईचा संसार असा नेटका. पगार पुरे, कारण ती पुरवी. १९७२च्या दुष्काळानंतर मुंबईत महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघाले, त्यांत तीही गेली. संध्याकाळी परतून त्याच लाटण्याने पोळ्या लाटल्या. कुस्करा पुन्हा तिच्याच ताटात!

सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीतही बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांची ८८.

काटकसर आपण सोडायची नाही. पण कुस्करा सगळ्यांच्या ताटात पडावा आणि गोधडीला घरातल्या प्रत्येकाने टाके घालावेत, एवढे आजच घरी जाऊन सांगू या.