काळे तीळ, पांढरे तीळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी रोहिणखेड येथे झालेले भाषण)



सोयरीक जुळविताना आपण पत्रिका पाहतो, कुळ पाहतो, शेती किती तेही विचारतो. आज आणखी एक गोष्ट पाहावी असे मी सुचविणार आहे. ती म्हणजे रक्त.

आपल्या विदर्भात, विशेषतः चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या पूर्वेकडील जिल्ह्यांत, तसेच नंदुरबारकडे सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मूल अंगदुखीने तळमळते, पांढरेफटक पडते. पुष्कळ घरांत याचा दोष सुनेच्या माथी मारतात. तो अन्याय कसा, हे आपण तिळांवरून पाहू.

प्रत्येकाला या गुणाचे दोन जनुक मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे १०० माणसांच्या वस्तीत २०० जनुक झाले. समजा, त्यांत १८० पांढरे तीळ, म्हणजे निर्दोष. आणि २० काळे, म्हणजे सदोष. ते कालवून, डोळे मिटून जोड्या काढल्या, तर सरासरीने ८१ जोड्या पांढऱ्या, १८ मिश्र आणि एक काळी निघेल. काळ्या जोडीचे मूल आजारी. मिश्र जोडीची माणसे धडधाकट दिसतात. त्यांना वाहक म्हणतात.

आता काळे तीळ मोजा. मिश्र जोड्यांतले १८ आणि काळ्या जोडीतले २, पुन्हा २० च! झाकला गेला म्हणून काळा तीळ नाहीसा होत नाही. इंग्लंडातील गणिती हार्डी व जर्मनीतील डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली हा समतोल स्वतंत्रपणे दाखवून दिला.

मात्र त्याला अटी आहेत. वस्ती मोठी हवी, येणेजाणे नको, जनुकात नवा बदल नको, सोयरिकी या गुणाचा विचार न होता जुळाव्यात आणि त्यापायी कोणी कमीअधिक जगू नये. प्रत्यक्षात आजारी मुले दगावत, म्हणून काळे तीळ घटायला हवे होते. पण वाहकांना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जिथे हिवताप फार, तिथे ते टिकून राहिले. नात्यातल्या नात्यात लग्ने केली, तर तीळ वाढत नाहीत. पण काळ्याला काळा भेटण्याचा संभव वाढतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. आजारी मुलाला एक काळा तीळ आईचा, तर दुसरा बापाचा असतो. मग दोष एकट्या सुनेचा कसा? दुसरे असे की, वाहकाशी लग्न करणे हे पाप नव्हे. एक वाहक व दुसरा निर्दोष असेल, तर मूल या आजाराने आजारी होत नाही. दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक खेपेस चारांत एक संभव आजाराचा असतो. अशा जोडप्याने डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

हा आजार २०४७ पर्यंत हटविण्यासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तपासणीला थोडेसे रक्त पुरते. तेव्हा भगिनींनो, मुलीची तपासणी करा आणि मुलाचीही करा. साखरपुड्यानंतर नव्हे, सोयरीक बोलण्याआधी. आणि कोणी वाहक निघाली, तर तिच्याकडे बोट दाखवू नका. आपल्यापैकी कोणाच्या ओंजळीत काळा तीळ आहे, हे तपासल्यावाचून कोणालाच सांगता यायचे नाही.