गौण विषयाचे मोल



अर्थशास्त्रावर बोलण्यासाठी तुम्ही प्राध्यापकाऐवजी कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याला बोलावलेत, याबद्दल आभार. माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते फाटकसभांत, वेतनकरारांच्या मसुद्यांत आणि वाचनालयांत झाले. तेव्हा मी आज शास्त्र शिकवणार नाही. ते कोणी, किती आणि कशासाठी शिकावे, एवढेच सांगणार आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे दोन भाग पाडले आहेत. एक मुख्य विषय, म्हणजे मेजर. दुसरा गौण विषय, म्हणजे मायनर. संगणक, वाणिज्य, भूगोल किंवा मराठी हा मुख्य विषय घेणाऱ्यालाही अर्थशास्त्र गौण विषय म्हणून घेता येते. मात्र ते आपल्या महाविद्यालयात उपलब्ध हवे. घरोघरी प्रश्न निघतो, "गौणच आहे ना? मग कोणताही सोपा घे." मला हे पटत नाही. तलाठ्याच्या दप्तरात मुरूम आणि वाळू यांनाही गौण खनिजच म्हणतात. पण घर त्यांच्यावाचून उभे राहत नाही!

आता हिशेब पाहू. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ठरवलेल्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची आहे. त्यांपैकी १८ ते २० श्रेयांक गौण विषयाचे. एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. वीस श्रेयांक म्हणजे ३०० तास. आपल्या भाषेत, आठ तासांच्या साडेसदतीस पाळ्या. तीन वर्षांत पसरलेल्या एवढ्या पाळ्या काही फार नव्हेत. शिवाय श्रेयांक-पेढीत जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात. नोकरीमुळे शिक्षण मध्येच थांबले तरी केलेले काम वाया जात नाही. नियमित महाविद्यालयात जाणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

यात शिकवतात काय? नावे विद्यापीठागणिक बदलतात. गाभा बहुधा सारखाच असतो. सूक्ष्म अर्थशास्त्रात एक वस्तू, एक कारखाना, एक कुटुंब यांचा विचार असतो. स्थूल अर्थशास्त्रात सबंध देशाचे उत्पन्न, बेकारी आणि महागाई येते. त्यापुढे पैसा व बँका, सरकारी जमाखर्च, भारतीय अर्थव्यवस्था आणि थोडे संख्याशास्त्र. मुलांना धास्ती असते ती या शेवटच्याची. माझे सांगणे असे की, निवडीला वाव असेल तर तेच आधी निवडा. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

महागाईभत्ता ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, त्याचे पायाभूत वर्ष २०२० मध्ये बदलले. आधी २००१ बरोबर १०० होते, ते २०१६ बरोबर १०० झाले. जुन्या-नव्याची सांगड घालणारा गुणक २.८८ ठरला. समजा, एखाद्या करारात लिहिले आहे की जुन्या मालिकेत ३०० च्या वर गेलेल्या प्रत्येक अंशाला पाच रुपये द्यावेत. नवा निर्देशांक १४० निघाला. गुणक विसरणारा म्हणेल, १४० तर ३०० च्या खालीच आहे, भत्ता शून्य! गुणक जाणणारा १४० ला २.८८ ने गुणील, ४०३.२ काढील आणि दरमहा ५१६ रुपये मागेल. घोषणा दोघांचीही तितकीच मोठी असेल. पैसे मात्र दुसऱ्याच्याच हाती पडतील.

याच बदलात खाद्यपदार्थांचा भार सुमारे ४६ टक्क्यांवरून सुमारे ३९ टक्क्यांवर आला. म्हणजे डाळ-तेल कडाडले तरी निर्देशांक पूर्वीइतका उसळणार नाही. सरासरी कुटुंबाचा खर्च बदलला, हे त्याचे कारण. ते खोटे नाही. पण ज्याची निम्मी मिळकत पोटापाण्यातच जाते, त्या कंत्राटी सफाई कामगाराचे घर त्या सरासरीत किती बसते, हे विचारण्यासाठी आधी सरासरी म्हणजे काय ते समजावे लागते. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी निर्देशांकावरच बोट ठेवले, तेव्हा प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. आकड्यांचा लढा आकड्यांनीच लढावा लागतो.

दुसरे उदाहरण तुमच्या शिवारातले. मुळशी तालुक्याने १९२१ मध्ये धरणासाठी जाणाऱ्या जमिनींकरिता सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पाहिला. पुढे माण-हिंजवडीच्या जमिनींवर माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. जमीन गेली की एकरकमी पैसे येतात. पीक दरसाल येत असे. आजचा एक रुपया आणि वीस वर्षांनंतरचा एक रुपया यांची तुलना कशी करावी, हे अर्थशास्त्रात शिकवतात. ज्या घरात हे कळणारा एकजण आहे, त्या घरात रकमेची मोटार होण्याआधी निदान एकदा चर्चा होईल.

मात्र एक सांगून ठेवतो. अर्थशास्त्र आपल्या बाजूचे आहे असे समजून वर्गात जाऊ नका. वेतन वाढले की रोजगार घटतो, असे सांगणारे प्रकरणही तेथे भेटेल. तेही नीट शिका. ते कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि ती गृहीतके आपल्या कारखान्याला लागू पडतात की नाही, हे तपासा. समोरच्याचा मुद्दा त्याच्याहून चांगला मांडता आला, तरच वाटाघाटीत आपले वजन पडते.

आपल्याकडे ही परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र मुख्य ठेवून समाजशास्त्र, इतिहासही अभ्यासले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या कामाला लागले. शास्त्र ग्रंथालयात जन्मले असेल, पण त्याचा कस बांधावर आणि फाटकावर लागतो.

"यातून नोकरी मिळेल काय?" याचे प्रामाणिक उत्तर असे की, नुसत्या गौण विषयाने नोकरी मिळत नाही. नोकरी मुख्य विषय देईल. पण मिळालेल्या नोकरीचा करार, पगारपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीची कपात वाचण्याची दृष्टी हा गौण विषय देईल. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयात तीन गोष्टी विचारून घ्या. हा गौण विषय आपल्या मुख्य विषयाबरोबर मिळतो का? बारावीच्या विषयांची काही अट आहे का? आणि त्यात संख्याशास्त्र शिकवतात का? उत्तरे लेखी मागा. लेखी मागण्याची सवय ही अर्थशास्त्राची पहिली पायरी आहे, आणि संघटनेचीही.