मौर्यांची पुरी

नायगावातून शिवडीच्या किनाऱ्यावर गेलं, की निरभ्र दिवशी दूर घारापुरी बेट दिसतं. कोकणच्या मौर्यांची राजधानी पुरी ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते ती मुरूडजवळची राजपुरी.

आधी बदामीच्या चालुक्य कीर्तिवर्म्यानं या मौर्यांना नमवलं. त्याचा मुलगा दुसरा पुलकेशी तर राजधानीवरच चालून आला, तोही समुद्रातून. ऐहोळेच्या जैन मंदिराच्या भिंतीवर इ. स. 634 चा, पुलकेशीचा कवी रविकीर्ती याचा संस्कृत शिलालेख आहे. शेकडो जहाजांनी पुरीला वेढा घातल्याचं त्यात वर्णन आहे. जहाजांना उपमा दिली आहे ती मत्त हत्तींची. हरलेल्या राजाचं मात्र साधं नावही त्यात नाही. याचं वाईट वाटतं.

वेढ्यात सापडलेलं असंच आणखी एक नगर म्हणजे स्पेनमधलं नुमान्तिया, केल्टिबेरियन अरेव्हासी टोळीचं मुख्य नगर. वीस वर्षं ते रोमला दाद देईना. अखेर रोमन सेनापती सिपिओनं भोवती तट बांधला आणि नदीची वाटही सोडली नाही: पाती ठोकलेले ओंडके दोरखंडांनी प्रवाहात बांधून ठेवले. इ. स. पूर्व 133 मध्ये उपासमारीनं नगर पडलं.

1905 साली जर्मन संशोधक आडोल्फ शुल्टेन यांनी तिथं उत्खनन सुरू केलं, आणि पुढे रोमन छावण्यांचे अवशेष हाती लागले. पुरीच्या जागेचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.