तासून खायचं चीज



स्विस चीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भोकाभोकांचा पिवळा तुकडा येतो. तो एमेंताल. आज मी बोलणार आहे त्याच्या एका धाकट्या, पण जास्त तिखट स्वभावाच्या भावंडाबद्दल. याला भोकं जवळजवळ नसतात, आणि सुरीने फोडी करून खाल्लं तर निम्मी चव वाया जाते. नाव तेत द म्वान, म्हणजे मठवाशाचं डोकं.

ज्युरा डोंगररांगेत बेललॅ नावाचं गाव आहे. तिथे ११३६ साली ख्रिस्ती मठ स्थापन झाला. ११९२ च्या कागदपत्रांत उल्लेख सापडतो की इथले मठवासी काही जमिनींचा वार्षिक खंड पैशांऐवजी चीजने चुकता करत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९७ मध्ये, फ्रेंच सैन्याने त्यांना हुसकावून लावलं. मठ मोडला, पण चीज टिकलं, कारण ते करायची हातोटी आसपासच्या शेतकऱ्यांकडे होती. नावही त्याच सुमाराचं. मठात माणशी जितकं चीज साठवत त्या हिशेबावरून ते पडलं, असं काहीजण सांगतात. इतरांच्या मते ती फ्रेंच सैनिकांनी मठवाशांच्या मुंडन केलेल्या टाळूची उडवलेली थट्टा आहे. मला थट्टाच पटते. वरची साल काढलेलं हे चीज समोर ठेवलं की कडेला तपकिरी किनार आणि मध्ये फिकट, गुळगुळीत टक्कल दिसतं. सैनिकांना आणखी काय हवं?

आकाराने ते लहान, एखाद्या बुटक्या डब्याएवढं. वजन साधारण पाऊण किलोपासून दोन किलोपर्यंत. दूध गाईचं आणि न तापवता घेतलेलं. या गाईंना उन्हाळ्यात गवत आणि हिवाळ्यात सुकं गवत घालतात. मुरघास चालत नाही, कारण त्यातले जंतू दुधात उतरले तर मुरताना चीज फुगतं आणि बिघडतं. तयार चीज मिठाच्या पाण्यातून काढून स्प्रूसच्या लाकडी फळ्यांवर ठेवतात. तिथे ते किमान ७५ दिवस मुरतं, आणि त्या काळात त्याची साल पुन्हा पुन्हा मिठाच्या पाण्याने पुसावी लागते. त्यातूनच ती लालसर, ओलसर साल आणि तो उग्र वास येतो. पहिल्यांदा नाकाशी धरणारा माणूस मागे सरकतो, हे मान्य करायला हवं.

पण चव वासाइतकी उग्र नाही. आणि ती कशी लागेल हे तुम्ही ते कसं काढता यावर ठरतं. सुतार रंधा मारतो तसं हे चीज वरून पातळ तासायचं. पूर्वी हे काम सुरीने करत. हात बसलेला नसेल तर ते जमत नसे. याच भागातल्या लाजू गावच्या निकोला क्रव्वाझिए यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर उपाय काढला. लाकडी पाटावर मधोमध उभी सळई, तिच्यावर चीज खोचायचं, वर आडवं पातं बसवून दांडा गरागरा फिरवायचा. पापुद्रा निघताना आपोआप चुण्या पडतात आणि झालरीचं फूल तयार होतं. तशीच झालर असलेल्या एका रानअळंबीचं नाव या यंत्राला मिळालं, जिरॉल.

हे निव्वळ सजावटीचं काम नाही. इतक्या पातळ पापुद्र्याला चहूबाजूंनी हवा लागते, कोंडलेला सुगंध मोकळा होतो, आणि जिभेवर ठेवताच तो विरघळतो. तेच चीज फोडीच्या रूपात चावलं तर घट्ट आणि खारट वाटतं. माझं मत विचाराल तर आठ शतकांच्या पुण्याईने जे केलं नाही ते या साध्या दांड्याने केलं. जिरॉल आल्यावर या चीजचा खप कित्येक पटींनी वाढला. २००१ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये मूळ स्थानाशी बांधलेल्या नावाचं कायदेशीर संरक्षणही मिळालं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या भागात केलेल्या चीजला हे नाव लावता येत नाही.

शाकाहारी श्रोत्यांना एक गोष्ट सांगायला हवी. हे दूध विरजायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात, तेव्हा त्यांनी ते टाळावं. बाकीच्यांना कधी संधी मिळाली, तर डब्यात भरलेली तयार फुलं घेऊ नका, त्यांचा सुगंध आधीच उडालेला असतो. अख्खं किंवा अर्धं चीज घ्या, थंडगार असतानाच तासा आणि लगेच खा.