पाटीवरचं गाव आणि वाटेतले दगड



आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची उंची काढायचं गणित तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. दोघांच्या उंचीचे सेंटिमीटर मिळवायचे, मुलगा असेल तर त्यात 13 घालायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे आणि आलेल्या आकड्याचं निम्मं करायचं. वडील 168, आई 154 असेल, तर मुलाचं उत्तर येतं 167.5 आणि मुलीचं 154.5. इथवर सगळे करतात. माझी तक्रार आहे ती पुढची. आकडा आला की लोक खूश होतात किंवा हिरमुसतात, आणि त्यानंतर मुलाला मोजायचंच सोडून देतात!

हे उत्तर एसटीच्या पाटीसारखं आहे. पुण्याहून निघालेल्या गाडीवर ‘कोल्हापूर’ लिहिलेलं असतं. त्यावरून गाडी कुठं जाणार ते कळतं, ती चालते आहे की बंद पडून उभी आहे, हे कळत नाही. त्यासाठी वाटेतले दगड बघावे लागतात. शिवाय पाटीवरचं गावही ढोबळच. आठेक सेंटिमीटर खाली, आठेक वर एवढी जागा सोडावी लागते. म्हणजे वरच्या उदाहरणातला मुलगा सव्वापाच फूटही होईल, पावणेसहाही होईल, आणि दोन्ही ठीकच. सख्ख्या भावांत चार बोटांचा फरक पडतो तो यामुळेच.

फ्रान्सिस गाल्टननं 1886 साली इंग्लंडमधल्या 205 जोडप्यांची आणि त्यांच्या 928 मोठ्या झालेल्या मुलांची मोजमापं मांडली. फार उंच आई-बापांची मुलं सरासरीनं त्यांच्याहून थोडी कमी भरली, फार ठेंगण्यांची थोडी जास्त. तेव्हा ठेंगण्या आई-वडिलांनी आधीच मान खाली घालू नये. आणि ज्यांचं स्वतःचं बालपण अर्धपोटी गेलं, त्यांची पाटीच मुळात अलीकडच्या गावाची लिहिली गेलेली असते.

आता दगडांकडे येते. पहिल्या वर्षात बाळ साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात त्याच्या निम्मं. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. या काळात वर्षाकाठी चारच्या आत वाढ झाली, तर पाटी काहीही म्हणो, डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड कमी पडत असेल, गव्हाचं पचत नसेल, वाढीचं संप्रेरक अपुरं असेल. मुलीत टर्नर सिंड्रोमही असू शकतो. यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत, पण वेळेत आलात तर. “आमच्या घराण्यात सगळे बुटकेच” म्हणून वर्षं घालवू नका. हे मी पुन्हा सांगते, कारण नेमकं हेच विसरलं जातं: उंची किती आहे यापेक्षा वर्षात किती वाढली, ते बघा.

काही गाड्या साताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या पुढं असतात आणि कराडलाच थांबतात. आठव्या वर्षाच्या आत वयात येऊ लागलेली मुलगी वर्गात सर्वांत उंच दिसते, घरचे कौतुक करतात, आणि तिच्या हाडांची टोकं लवकर जुळून वाढ आटोपते. तिलाही दाखवायला हवं. उलट, ज्याच्या वडिलांना मिसरूड उशिरा फुटलं, तो मुलगा नववीत मागं दिसला तरी पुष्कळदा मागाहून गाठतो. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला की हाडांचं वय कळतं आणि किती वाट उरली याचा अंदाज येतो. याबद्दल अजून सांगायचं होतं, पण घड्याळ पुढं सरकलंय.

उंची वाढवण्याच्या पावडरींबद्दल मात्र सांगतेच. हाडांची टोकं जुळल्यावर कुठल्याही डब्यानं, लोंबकळण्यानं किंवा ताणण्यानं उंची वाढत नाही. ते पैसे दूध, डाळ, अंड्यांवर आणि तेही लहानपणीच खर्च करा.

मोजायचं कसं? चपला काढून, टाचा भिंतीला लावून, नजर समोर, मुलीचा अंबाडा सोडून, डोक्यावर वही आडवी धरून. दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर दबतो, म्हणून दर वेळी सकाळीच मोजा. प्रगतिपुस्तकातल्या उंचीच्या रकान्यावर विसंबू नका. तिथं पुष्कळदा मागचाच आकडा उतरवतात. येत्या रविवारी भिंतीवर रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.