ठेका सर्वांचा, मिळकत कोणाची?



अर्थशास्त्राच्या माजी प्राध्यापकाने रेगे संगीतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जमैकातील या संगीताने मालकीचा जो प्रश्न उभा केला आहे, तो आपल्या नित्याच्या विचाराबाहेरचा नाही.

१९७४ साली रूपी एडवर्ड्स या निर्मात्याने 'यामाहा स्कँक' ही तबकडी काढली. तीत निरनिराळ्या गायक-वादकांच्या रचना आहेत. पण सर्वांच्या मुळाशी वादन एकच, युनिक्स या गायकवृंदाच्या १९६८ मधील 'माय कॉन्व्हर्सेशन' या गीताचे. एकाच वादनावर उभारलेला हा पहिला संग्रह मानला जातो. ड्रम आणि बास गिटार यांच्या अशा पायाला तेथे 'रिडिम' म्हणतात. एकाच रिडिमवर कोणी प्रेमगीत गातो, कोणी प्रार्थना, कोणी गरिबीची कैफियत मांडतो. श्रोते यास उसनवारी समजत नाहीत; जुन्या पायावर नवा गायक काय उभारतो, हे ऐकण्यास ते उत्सुक असतात.

येथवर हे चित्र सामुदायिक मालमत्तेचे वाटते. त्यामागील उत्पादनव्यवस्था पाहिली की ते पालटते. वादकांना सामान्यतः गाण्यामागे ठरीव मोबदला मिळे. मुद्रित फीत मात्र निर्मात्याच्या ताब्यात राही. पुढच्या प्रत्येक गाण्याला वादनाचा नवा खर्च नाही. श्रम एकदा विकत घेतले, त्यांचे फळ अनेकदा विकले. वरकड मूल्याचे याहून सुबोध उदाहरण शोधावे लागेल. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. पण १९९३ चा कायदा होईपर्यंत तेथे स्वामित्वहक्काचा कायदा १९११ चा, ब्रिटिशांचाच होता.

आज तोच प्रश्न मोठ्या बाजारपेठेत आला आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीच्या १९८९ मधील 'फिश मार्केट' या वादनाचा ठेका रेगेटॉन या लॅटिन अमेरिकी संगीतात परवानगीवाचून वापरला गेला, असा दावा २०२१ साली अमेरिकेतील न्यायालयात दाखल झाला. प्रतिवादींत जगप्रसिद्ध गायक आणि बड्या कंपन्या आहेत. तो प्रारंभीच फेटाळण्याची त्यांची मागणी २०२४ मध्ये बहुतांशी अमान्य झाली.

असे दावे यशस्वी झाले तर ठेक्याला कुंपण पडेल आणि उद्याच्या गरीब गायकाला परवाना मागावा लागेल, ही भीती निराधार नाही. परंतु 'ठेका सर्वांचा' हे वचन बड्या कंपनीच्या तोंडी आले की त्याचा अर्थ एवढाच उरतो : कच्चा माल सर्वांचा, नफा आमचा.

वापराची मुभा आणि मिळकतीतील वाटा या गोष्टी परस्परविरोधी नाहीत. गाण्यास कोणालाही मज्जाव नसावा. मात्र विक्रीतून ठरावीक हिस्सा मूळ वादकांना वा त्यांच्या वारसांना मिळावा. तो निर्माता-मालकाकडे न जाता त्यांच्या हाती पडावा, यासाठी वादकांची स्वतःची संघटना हवी. सामुदायिक मालकीचा पुरस्कार करणाऱ्या आपण सर्वांनी, जे सर्वांचे म्हटले जाते ते कोणाच्या कष्टातून आले, हे प्रथम विचारले पाहिजे.