व्यत्यय, स्मरण आणि वय



नागपूर–हैदराबाद महामार्गावरील मावला व त्याभोवतीचा आदिलाबादचा मुलूख कापसाचा आहे. फवारणीचे दिवस आले म्हणजे शेताच्या बांधावर, पिंपातील पाण्यात औषधाची मापे मोजून टाकण्याचे काम चालते. समजा, साठी ओलांडलेला एक शेतकरी अशी मापे मोजीत आहे. तिसरे माप टाकताच खिशातील मोबाईल वाजतो, अथवा नातू हाक मारतो. उत्तर देऊन तो कामाकडे वळतो आणि थबकतो. तीन झाली की चार? घरची मंडळी म्हणतात, "बाबांचे आता वय झाले." हा निवाडा कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

हाती घेतलेल्या कामापुरती लागणारी माहिती मन तात्पुरती धरून ठेवते. या शक्तीस मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ब्रिटनमधील ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली तिची मांडणी केली. तिची जागा फार लहान असते. एका वेळी तीत मोजक्याच गोष्टी मावतात. मध्येच दुसरे काम उपस्थित झाले, की पहिल्याचा धागा सुटतो.

हा धागा तरुणांचाही सुटतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना ठराविक क्रमाने करावयाचे काम देण्यात आले होते. सरासरी २.८ सेकंदांच्या व्यत्ययाने क्रमातील त्यांच्या चुका दुप्पट झाल्या, तर ४.४ सेकंदांच्या व्यत्ययाने तिप्पट झाल्या. तेव्हा एवढ्या कारणावरून वृद्धास दोष देणे रास्त नव्हे.

मग वयाने फरक पडतो तो कोठे? सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली त्याचा उलगडा केला. तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांस एक निसर्गचित्र लक्षात ठेवण्यास सांगून, मध्येच एक चेहरा दाखवून त्याविषयी विचारण्यात आले. त्या वेळी त्यांच्या मेंदूचे निरीक्षण चालू होते. चेहरा पाहताना दोन्ही गटांचे मूळ चित्राकडील अवधान सुटले. परंतु तरुणांचा मेंदू चेहरा सोडून चटकन मूळ चित्राकडे परतला, तर वृद्धांचा मेंदू व्यत्ययातच गुंतून राहिला. म्हणजे वयोमानाने अवघड होते ते मुख्यतः परतणे.

परतण्याची ही कला अभ्यासाने किती वाढविता येते, याचे उदाहरण तेलुगू मुलुखातील अष्टावधानात दिसते. आठ पृच्छक कवीस निरनिराळे प्रश्न घालतात. त्यांपैकी एकाचे कामच असे, की अप्रस्तुत गोष्टी काढून त्याचे चित्त विचलित करावे. तरीही अवधानी सोडलेला चरण नेमका तेथूनच पुढे नेतो आणि अखेरीस सर्व पद्ये मुखोद्गत म्हणून दाखवितो. त्यामागे दीर्घ साधना असते. इतरांनी मात्र खुणेचा आधार घ्यावा, हेच श्रेयस्कर.

जितकी मापे टाकावयाची तितके खडे आधी मांडून ठेवावेत व प्रत्येक मापागणिक एक खडा बाजूस करावा. मग हाक आली तरी हिशेब चुकत नाही. कापसाच्या वजनाची नोंद प्रत्येक खेपेस तेथल्या तेथे करावी. रोजच्या गोळ्या वारांच्या कप्प्यांच्या डबीत ठेवाव्यात, म्हणजे गोळी घेतली की नाही ही शंका उरत नाही. कार्यालयात आकडे लिहीत असलेल्या कर्मचाऱ्याने ओळ पुरी करून मगच मान वर करावी आणि आलेल्या ग्रामस्थानेही तेवढा अवकाश द्यावा. शाळेत गणिताचे उदाहरण अर्ध्यावर असता सूचनेचा कागद वर्गात धाडू नये. तो तास संपेपर्यंत थांबू शकतो.

आणि घरातील वडीलधारे बोलता बोलता अडखळले, तर हसू नये. "आजी, तुम्ही विहिरीपर्यंत आला होतात," एवढे सांगितले तरी सुटलेला धागा त्यांच्या हाती येतो. एका अडखळण्यावरून त्यांच्या हातची कामे काढून घेणे म्हणजे त्यांचा अनुभव वाया घालविणे होय. त्यांना बहुधा हवी असते ती एक खूण आणि थोडी उसंत.